गिरणीचं ग्रीस

आमच्या घराला लागूनच भाताची गिरणी होती, त्यामुळे शांतता म्हणजे काय हे मला बरीच मोठी होईपर्यंत ठाऊकच नव्हतं. झोडणी उरकली की शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात आजूबाजूच्या पाड्यांवरून भाताची पोती यायला लागायची आणि गिरणीच्या पट्ट्याचा फटफटाट सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालायचा. आई चुलीशी बसून बोलायची ती ओरडून. गिरणी बंद असली तरी ओरडूनच. आम्ही दोघी बहिणीही तशाच झालो. ताईचं लग्न झाल्यावर सासरी तिला पहिलं बोलणं बसलं ते यावरूनच, हिच्या माहेरी सगळे बहिरे आहेत का म्हणून. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तुसाची बारीक धूळ असायची. पाटावर, देवाच्या फोटोवर, सुकटीच्या डब्याच्या झाकणावर. आई म्हणायची, दुसऱ्यांच्या घरात लक्ष्मी येते, आमच्याकडं तिची टरफलं येतात.

बाबांचा ग्रीसवर फार जीव. गिरणीत कोपऱ्यात ग्रीसचा मोठा डबा असायचा आणि गिरणीला जे काही व्हायचं त्यावर बाबांचं औषध त्या डब्यात असायचं. आवाज वाढला, ग्रीस. तापली, ग्रीस. हळूहळू हा उपाय गिरणीबाहेर पसरला. दाराची बिजागरी, विहिरीच्या रहाटाची कप्पी, माझ्या सायकलची चेन. एकदा आईच्या शिलाई मशीनला त्यांनी ग्रीस भरलं आणि गौरीच्या सणासाठी शिवायला घेतलेली माझी परकर-चोळी पिवळ्या डागांनी भरली. आई कितीतरी दिवस त्यांच्याशी नीट बोलली नाही. बाबा मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की मशीन पूर्वीपेक्षा हलकी चालते. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गिरणी त्यांनी आयुष्यभर ग्रीसवर चालवली होती आणि ती कधी अडली नव्हती.

मग पाड्यापाड्यांवर विजेवरच्या लहान चक्क्या आल्या आणि आमच्याकडे पोती यायची थांबली. बाबांनी इंजिन विकलं, शेड आणि आढ्याला टांगलेला, वजनं उचलायचा साखळीचा कप्पा तेवढा ठेवला, आणि त्या पैशात एक जुनी छोटी गाडी घेतली. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेत असायचा तसली, विटक्या निळ्या रंगाची. लग्नाला नवरा-नवरी न्यायला, कुणाला शहापूरच्या दवाखान्यात पोचवायला, म्हशाच्या जत्रेला जायला लोक ती भाड्यानं सांगायचे. चढ लागला आणि बाबांनी दुसरा गिअर टाकला की ती अशी काही विव्हळायची की डोंगरापलीकडे कळावं. पोरं रस्त्यावर उभी राहून तिची नक्कल करायची. दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती. आम्हाला गोंगाटाची सवय होती. आई तर म्हणायची बरं आहे, आवाज आला की तवा ठेवते, तुम्ही दारात येईपर्यंत भाकरी होते.

ताई डोळखांबच्या पुढं, डोंगराच्या पोटात असलेल्या एका वस्तीवर दिली होती. माणसं वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. नवरा मुंबईला कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. घरात सासू, दीर, गुरं, आणि पाणी खालच्या झऱ्यावरून. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ताई एसटीनं माहेरी आली तेव्हा तिला दिवस गेलेले होते. परत गेल्यावर थोड्याच दिवसांत पोटातलं मूल गेलं. सासू म्हणाली, एसटीनं हिंदकळून गेलं. ताईनं त्यावर काही म्हटल्याचं आमच्या कानावर आलं नाही. पुन्हा दिवस गेले तेव्हा बाबा तिला बाळंतपणाला आणायचं विचारायला गेले, तर सासूनं सरळ सांगितलं, "एसटीनं नाय पाठवायची व्याही. मागच्या टायमाला काय झालं ते तुमाला ठाव हाय. गाडी हाय ना तुमची? आमच्या दारात गाडी आना, सुखानं न्या." बाबांनी शब्द दिला, सातव्यात दारात गाडी आणतो. आणि एका बाजाराच्या दिवशी, डोंगरातून डिंक आणि मध विकायला येणारी म्हातारी आमच्या दारात टेकली आणि आईला हळूच म्हणाली, "तुजी लेक म्हनली, बाबाला सांग विसरू नको. या टायमाला मला न्यायलाच पायजे." आईनं तिला चहा दिला, भाकरी दिली, आणि ती गेल्यावर पदर तोंडाशी धरून उभी राहिली. ताई कधी काही मागणाऱ्यातली नव्हती.

आमच्याकडे आठव्या महिन्यात लेकीला हलवत नाहीत. सातवा सरायच्या आत आणली तर आणली, नाहीतर जिथं आहे तिथं. सातवा अर्धा गेला होता आणि नेमका तेव्हाच गाडीचा गिअरबॉक्स गेला. एका वऱ्हाडाला सोडून येताना किन्हवलीच्या अलीकडे आत काहीतरी कडाडलं, आणि त्यानंतर दांडा कुठेही ओढला तरी गाडी जागची हलेना. बैल लावून ती शेडमध्ये आणली. गजा मिस्त्रीनं खालून वाकून पाहिलं, बोटानं तेलातले लोखंडाचे कण काढून बाबांच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला, "दात गेलं. आता याचं कायपन करू नका, दुसराच टाका." गजा मिस्त्रीचं दुकान म्हणजे शहापूरच्या वाटेवर एका चिंचेखाली मांडलेली पेटी. काम बऱ्यापैकी करायचा, बोलायचा मात्र कामाच्या दुप्पट, आणि प्रत्येक गोष्टीची गॅरंटी द्यायचा.

दुसरा गिअरबॉक्स मुरबाडला मिळाला. एका डॉक्टरांच्या आवारात तसलीच गाडी बिनचाकांची पडून होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. बाबा आणि मी एसटीनं गेलो. गजानं तो आधीच त्या गाडीतून सोडवून ठेवला होता. आम्ही तो गोणपाटात गुंडाळून दोन बाजूंनी धरून एसटीत चढवला. कंडक्टरनं पायानं गोणपाट ढकलून पाहिलं. "काय हाय यात, बोकड?" बाबा म्हणाले, "गिअरबॉक्स." "हलतो का?" "हलला असता तर तुमच्या गाडीत कशाला घातला असता?" सगळी एसटी हसली. बाबाही हसले. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं आणि मला वाटलं, आता होतंय सगळं.

गाडी शेडमध्ये विटांच्या थरांवर चढवली आणि गिअरबॉक्स उतरवायला गिरणीचाच साखळीचा कप्पा घेतला. त्या कप्प्यानं बाबांनी आयुष्यभर गिरणीचे वजनदार भाग उचलले होते. साखळी खडखडली तशी आढ्यावरची जुनी तुसाची धूळ आमच्या डोक्यावर पडली. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे वरचे नट अशा अडचणीत होते की गजाचा हात जाईना. बाबांचाही जाईना. "सुमे, तू बग," बाबा म्हणाले. मी अकरावीत होते, हाडकुळी, आणि माझा हात गेला. पाठीखाली गोणपाट, तोंडावर ठिबकणारं काळं तेल, आणि गजाचं बाहेरून चाललेलं अखंड भाषण, अशी मी दुपारभर गाडीखाली पडून होते. आई मधून मधून येऊन वाकून बघायची आणि म्हणायची, "पोरीला कोन करनार आता? हात बग हिचं." पण ती वालाच्या शेंगा सोलायला तिथंच शेडच्या दारात घेऊन बसली होती. नवा गिअरबॉक्स बसायच्या आधी आतली क्लचची चकती मधोमध धरावी लागते. त्यासाठी गजानं सागाची एक काठी तासून घेतली. ती त्यानं आत घातली, डोळा लावून पाहिलं, आणि मग आम्ही तिघांनी गिअरबॉक्स ढकलला, तेव्हा तो पहिल्याच झटक्याला आत जाऊन बसला. तो आवाज मला अजून आठवतो. पेटीचं झाकण नीट लागावं तसा आवाज. आईनं तेवढ्यात हातातल्या शेंगा खाली ठेवून नमस्कार केला.

एवढं सगळं करून गिअरबॉक्स गळत होता. मागच्या बाजूचं रबराचं सील कोंबड्यांच्या घरात पडून पडून वाळलं होतं. गजा म्हणाला, सील कल्याणहून आणावं लागेल, येत्या बाजारी मी आणतो, तोवर तेल बघत जा, कमी झालं की ओता, माझी गॅरंटी. आणि तो एका लग्नाच्या टेम्पोचं काम आहे म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गाडीखाली तेलाचं थारोळं होतं. बाबा ते बराच वेळ बघत उभे राहिले. मग ते कोपऱ्यात गेले आणि ग्रीसचा डबा घेऊन आले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात कुणालाच वाटलं नसतं. गिरणीचं काही गळायला लागलं की बाबा हेच करायचे. तेल वाहून जातं, ग्रीस जात नाही. त्यांनी उरलेलं तेल काढून टाकलं, ग्रीस थोडं गरम केलं आणि पिचकारीनं, जेवढं मावेल तेवढं आत भरलं. मग गाडी सुरू करून रस्त्यावर एक फेरी मारली. गाडी गेली आणि आली, आणि आवाज नाही. एवढासुद्धा नाही. बाबा खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या पोरासारखा झाला होता. "बगितलंस? लोणी," ते म्हणाले. आई म्हणाली, आता मला कळणार कसं तुमी आलात ते. आम्ही सगळे खूप आनंदात होतो. त्या दिवशी आईनं ताईसाठी म्हणून आतली भाताची खोली सारवली आणि जुनी मऊ लुगडी धुऊन दोरीवर टाकली.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी निघालो. आईनं ताईला वाटेत खायला तांदळाच्या भाकऱ्या आणि तिला आवडायची म्हणून चिंच घालून केलेली सुकट बांधून दिली. मागच्या सीटवर गोधडी दुमडून ठेवली. डोळखांबपर्यंत रस्ता बरा होता आणि गाडी मुकाट चालत होती. बाबा गुणगुणत होते. ते गुणगुणतात हे मला तोवर माहीतच नव्हतं, गिरणीच्या आवाजात ते कधी ऐकू आलं नव्हतं. मग वस्तीचा चढ लागला. बाबांनी दुसरा टाकला. थोडं वर गेल्यावर जळका वास आला, केस जळावेत तसा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत गाडी एकदम आवळल्यासारखी झाली, मागची चाकं घासली आणि आम्ही थांबलो. पुन्हा कुठलाच गिअर पडला नाही. जे ग्रीस बाबांनी इतक्या मायेनं भरलं होतं ते गरम होऊन कडांना जाऊन चिकटलं होतं आणि मधली चक्रं कोरडीच फिरत राहिली होती. गिरणी संथ, एका लयीत चालते. गाडीचं तसं नसतं. हे मला पुढं कितीतरी वर्षांनी एका मेकॅनिकनं सांगितलं, आणि तो सांगत होता तेव्हा मला त्याचा रागच आला.

"तू वर जा," बाबा म्हणाले. "सांग, गाडी खाली हाय, जरा तापली. आनतो दारात." मी चढून गेले. ताई ओट्यावर बसली होती, तयार. जांभळं लुगडं, केस विंचरलेले, शेजारी बांधलेलं गाठोडं. मला एकटीला पाहून ती उठली. सासू सूप घेऊन नाचणी पाखडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागच्या वाटेकडे. "गाडी?" मी बाबांनी सांगितलं तेच सांगितलं. सासू काही वाईट बोलली नाही. "दारात येऊ दे. मी काय ना म्हनले काय?" एवढंच म्हणाली आणि पाखडायला लागली. ताई म्हणाली, बाबाला पाणी देऊन येते. तिनं कळशी उचलली तशी मी ती तिच्या हातातून घेतली, आणि तिनं ती सोडली पण सोडताना तिच्या हाताला ते विचित्र वाटलं हे मला दिसलं. उतरताना ती हळू, पाय जपून टाकत होती. मधेच म्हणाली, "मी सकाळपास्नं कान लावून बसलीय गो. आवाजच नाय आला."

बाबा गाडीखाली होते. बाहेर फक्त पाय. ताईनं हाक मारल्यावर ते सरकत बाहेर आले. कोपरापर्यंत काळे झालेले हात त्यांनी मागं धरले. ताईकडे, तिच्या पोटाकडे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं.

"होतं का बाबा?" ताईनं विचारलं.

"आज नाय होत."

ताईनं वर वस्तीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग असंच ने मला. गाठोडं राहू दे. खाली डोळखांबला एसटी मिळंल."

"एसटीनं?" बाबा म्हणाले. "मागल्या टायमाला..."

"एसटीनं काय नाय झालं, बाबा. झऱ्यावरच्या पान्यानं झालं. हंड्यानं. मी कुनाला नाय बोलले."

ती हे ओरडून बोलली नाही. आमच्या घरातल्या माणसानं इतक्या हळू आवाजात काही बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. बाबा गाडीच्या बॉनेटला टेकले. मला वाटलं, आता ते म्हणतील चल. मी मनात म्हणत होते, म्हण, म्हण. मी कळशी खाली ठेवलीसुद्धा.

"शब्द दिलाय गो मी," बाबा म्हणाले. "दारात गाडी आनीन म्हनलोय. अशी वाटेवरनं नेली तर उद्या तुला परत दारात घेतील का? आनि एसटीत काय झालं, तर मी कुनाला तोंड दाखवू?"

"काय नाय होनार."

"रविवारी येतो. आवाज करत येतो, बस? सगळी वस्ती ऐकंल."

"रविवारपास्नं आठवा लागतो, बाबा."

"मंग शनवारी."

ताईनं पदरानं बाबांच्या कपाळावरचा ग्रीसचा डाग पुसायला हात पुढे केला, तो आणखीच पसरला, आणि तिनं हात मागं घेतला. "पानी पी," ती म्हणाली. बाबा प्यायले. मी तिला भाकऱ्या आणि सुकटीची पुरचुंडी दिली. ती घेऊन ती चढाला लागली. मी सोबत निघाले तर नको म्हणाली. रिकामी कळशी तिच्या कमरेवर होती आणि वळणावर ती थांबून, दम घेऊन, मागं न बघता पुढं गेली.

गाडी तिथंच सोडून आम्ही एसटीनं घरी आलो. ज्या एसटीत ताई बसली असती तिच्यातच. आई दारात भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उभी होती, लेकीवरून ओवाळून टाकायला. आम्हा दोघांना पाहून ती आमच्या मागं बघत राहिली. बाबा सरळ शेडकडे गेले. आईनं तुकडा कोंबड्यांना टाकला आणि तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं, कारण पाणी वाया घालवायची तिला सवय नव्हती.

शनिवारी गाडी झाली नाही. बाबा कल्याणच्या भंगारवाल्यांकडे फिरून रिकाम्या हातांनी आले. आठवा लागला आणि तो सरायच्या आधीच ताईला रात्री जीपमधून शहापूरला आणावं लागलं. मुलगा होता. तो रडला नाही. डॉक्टर म्हणाले, माहेरी असती तरी काय झालं असतं हे कुणी सांगू शकत नाही. आई हे वाक्य पुढे अनेकांना सांगायची. बाबा ते ऐकलं की उठून जायचे. त्यांनी तो गिअरबॉक्स उतरवून घरी आणला, खोलला, प्रत्येक चक्र घासलेटात धुतलं, चिंधीनं पुसलं, आणि शेडमध्ये गोणपाटावर ओळीनं मांडून ठेवलं. पुन्हा जोडला नाही. गाडी पुढं भंगारात गेली, चक्रं कितीतरी वर्षं तशीच होती, वर धूळ साचत.

आता माझ्या मुलीच्या गाडीला गिअर बदलायची भानगडच नाही. परवा मी तिला विचारलं, मग आत असतं तरी काय? ती म्हणाली, असतो आई गिअरबॉक्स, आपल्याला कळत नाही एवढंच.

ताई आहे. तिला पुढं मुलं झाली, ती सगळी सासरीच झाली. सासू गेली, घराशी नळ आला, आता ती त्या घरची मोठी आहे. माहेरी सणावाराला यायची, सकाळी येऊन संध्याकाळी जायची. बाबा शेवटी शेवटी अंथरुणाला होते आणि त्यांना काळवेळ राहिली नव्हती. गिरणी विसरले, मला विसरले. पण ताई निघायला उठली की उशीवरून मान उचलायचे आणि विचारायचे, "गाडी काढू का गो? दारात सोडतो." ताई त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट करायची आणि प्रत्येक वेळी तेच, तितक्याच हळू आवाजात म्हणायची, "नको बाबा. एसटी हाय."